बिनबोलावलेल्या खिडक्या

वॉशिंग्टनच्या फेडरल ट्रेड कमिशनमधला एक कर्मचारी २००१ साली आपल्या कॉम्प्युटरवरच्या खिडक्या एकामागून एक बंद करत बसला होता. ग्राहकांना फसवणाऱ्या धंदेवाल्यांच्या मागे लागणं हे या सरकारी खात्याचं काम. म्हणजे जे काम त्या वर्षी जगभरचे लोक फुकट करत होते, ते हा पगार घेऊन करत होता. एखाद्या प्रसिद्ध साइटचा पत्ता टाइप करताना एक अक्षर चुकलं की माणूस जिथे जाऊन आदळतो, तिथे तो मुद्दाम गेला होता. पोचताच सात खिडक्या उघडल्या. जुगार, लॉटरी, ज्योतिषी, नागडी चित्रं असा सगळा बाजार. एक मिटवली की दुसरी हजर. पुढचा हिशेब कमिशनने काढलेल्या पत्रकात आहे: त्याने ३२ खिडक्या मिटवल्या, टास्कबारवर दोनच उरल्या. सुटलो एकदाचा, म्हणून त्याने ‘बॅक’चं बटण दाबलं आणि सुरुवातीच्या त्याच सात खिडक्या पुन्हा अंगावर आल्या.

हा सापळा लावणाऱ्या पेनसिल्व्हेनियातल्या माणसाच्या नावावर असे साडेपाच हजारांहून जास्त पत्ते होते. कार्टून नेटवर्कच्या नावाची १५ चुकीची स्पेलिंग त्याने विकत घेऊन ठेवली होती आणि ब्रिटनी स्पीअर्सची ४१. चुका करणार कोण, तर बोटाने अक्षरं शोधणारी पोरं. त्यांच्या चुकांवर हा वर्षाकाठी आठ ते दहा लाख डॉलर कमवत होता. मे २००२मध्ये कोर्टाने त्याला सुमारे १९ लाख डॉलर भरायला लावले, तरी त्याचं दुकान चालूच राहिलं. शेवटी २००३मध्ये त्याला अटक झाली आणि पुढच्या वर्षी अडीच वर्षांची शिक्षा.

तो बदमाश होता हे उघड आहे. पण ज्या युक्तीवर त्याचं दुकान चाललं, ती बदमाशाने शोधलेली नव्हती. विल्यम्सटाउन नावाच्या छोट्या कॉलेज-गावात, एका सभ्य आणि हुशार तरुणाने, एका जाहिरातदाराची अब्रू वाचवायला ती काढली होती.

विल्यम्सटाउन मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ पश्चिम टोकाला आहे. विल्यम्स कॉलेज हीच त्या गावाची ओळख. तिथला विद्यार्थी बो पीबॉडी आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक डिक सॅबो यांनी आणखी एका मित्राला घेऊन १९९२मध्ये ‘ट्रायपॉड’ नावाची कंपनी काढली. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलांना नोकरी, घर, प्रवास, पैसा यांबद्दल उपयोगी माहिती द्यायची, असा मूळ बेत. इथन झुकरमन १९९४मध्ये त्यांना येऊन मिळाला आणि तांत्रिक बाजू त्याच्याकडे गेली. लोकांना आपलं स्वतःचं वेबपान फुकट बनवता यावं अशी एक सोय त्यांनी साइटवर ठेवली होती, आणि सगळा बेत तिने उलटापालटा केला. पदवीधरांसाठीचे शहाणपणाचे लेख बाजूला राहिले. आपल्या मांजराचे फोटो, आवडत्या बँडची माहिती, प्रेमभंगाच्या कविता टाकायला माणसांची झुंबड उडाली. गर्दी झाली, पण गर्दी पैसे देईना. पैसे मिळवायचे चार मार्ग चाचपून झाल्यावर कंपनी जाहिरातींवर येऊन थांबली, जशा त्या काळच्या बहुतेक कंपन्या थांबल्या.

वेबवरची जाहिरात तेव्हा नवी नवरी होती. २७ ऑक्टोबर १९९४ला ‘हॉटवायर्ड’ ही साइट सुरू झाली, तीच मुळी जाहिरातींच्या पट्ट्या घेऊन. त्यांपैकी एटीअँडटी या टेलिफोन कंपनीची पट्टी इतिहासात गेली. इथे कधी क्लिक केलंय का, नसेल तर कराल, अशा अर्थाचं तिच्यावर लिहिलं होतं. पाहणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांनी क्लिक केलं असं सांगतात. आकडा खरा मानला तर तो नवलाईचा आकडा आहे. काही वर्षांतच शंभरातल्या एकाचंही बोट अशा पट्टीकडे वळेनासं झालं. माणसाचे डोळे फार लवकर शहाणे होतात. पानाच्या वरच्या बाजूला जाहिरात असते हे एकदा कळलं की तो भाग दिसतच नाही.

ट्रायपॉडपुढचा पेच मात्र वेगळा होता. वर्तमानपत्रात जाहिरात देणाऱ्याला शेजारी साधारण काय छापून येणार याचा अंदाज असतो. इथे पानं लिहिणारे लाखो अनोळखी लोक, आणि कोण काय लिहील याचा नेम नाही. एका मोठ्या मोटार कंपनीची पट्टी अशा पानावर झळकली, जिथे गुदमैथुनाचं मनमोकळं कौतुक केलेलं होतं. कंपनीच्या माणसांचा पारा चढला. जाहिरात दिसली पाहिजे, पण त्या पानाशी आमचा संबंध आहे असं वाटता कामा नये, ही त्यांची मागणी. झुकरमनने त्यावर तोडगा काढला: पान उघडलं की जाहिरातीपुरती एक वेगळी छोटी खिडकी उघडायची. पान त्याच्या जागी, जाहिरात तिच्या जागी. हाच तो पॉप-अप.

त्याला हे करता आलं कारण ती सोय नुकतीच हाताशी आली होती. मे १९९५मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइकने दहा दिवसांत जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला आराखडा लिहून काढला आणि १९९६च्या नेटस्केप २.० या ब्राउझरबरोबर ती घराघरांत गेली. तोपर्यंत वेबपान म्हणजे वाचायचा कागद होता. आता पान स्वतः काही करू लागलं. नवी खिडकी उघडण्यासाठी या भाषेत एका ओळीची आज्ञा होती, आणि ती काही वाईट हेतूने ठेवलेली नव्हती. फॉर्म भरताना मदत दाखवायला, फोटो मोठा करून दाखवायला ती लागायचीच. खिडकी वापरणाऱ्याने मागितली आहे की पानाने परस्पर उघडली आहे, हे विचारायची तरतूद मात्र कोणी केली नव्हती. विचारायची वेळ येईल असं कोणाच्या मनातही आलं नसावं.

झुकरमनची खिडकी ही १९९७च्या आसपासची गोष्ट. ट्रायपॉडची युक्ती बघता बघता सगळीकडे पसरली. १९९८मध्ये लायकॉस या सर्च-इंजिन कंपनीने ट्रायपॉडला ५ कोटी ८० लाख डॉलरच्या शेअरांच्या बदल्यात विकत घेतलं. तोडगा जाहिरातदाराच्या सोयीसाठी होता आणि साइटच्याही सोयीचा होता. पान बघायला आलेल्या माणसाचा विचार त्यात कुठल्याच टप्प्यावर झाला नव्हता. पुढच्या पंचवीस वर्षांत जे झालं त्याची गोम इथेच आहे असं मला वाटतं.

२०००च्या वसंतात डॉट-कॉमचा फुगा फुटला. भांडवलदारांनी पैसे काढून घेतले, साइटी धडाधड बंद पडू लागल्या. ज्या उरल्या त्यांना आजचा पगार भागवायचा होता, आणि पट्टीला तर कोणी विचारत नव्हतं. मग खिडकीच खिडकी. सिअ‍ॅटलजवळच्या एक्स-टेन या कंपनीने तर कहर केला. ही कंपनी छोटे वायरलेस कॅमेरे विकायची. घराची राखण करायला कॅमेरा, असं म्हणायचं आणि जाहिरातीत तोकड्या कपड्यांतली बाई दाखवायची. राखण कशाची ते ज्याने त्याने समजून घ्यावं. तिची खिडकी पानाच्या पुढे न येता मागे जाऊन दडायची. दिवसभराचं काम संपवून एकेक खिडकी मिटवत आलात की तळाशी एक्स-टेनचा कॅमेरा. कुठल्या साइटने ही पिल्लावळ सोडली हे तेव्हा आठवायचंही नाही, आणि नेमकी तीच त्या साइटची सोय होती.

प्रेक्षक मोजणाऱ्या कंपन्यांच्या लेखी उघडलेली खिडकी म्हणजे भेट. त्यामुळे २००१च्या उन्हाळ्यात ज्युपिटर मीडिया मेट्रिक्सच्या यादीत एक्स-टेन अमेरिकेतल्या सर्वांत जास्त ‘भेट दिल्या जाणाऱ्या’ साइटींमध्ये चढून बसली, अ‍ॅमेझॉन आणि ईबेच्याही वर. ज्या माणसांनी शिव्या घालत ती खिडकी मिटवली, ती सगळी या आकड्यात पाहुणे म्हणून मोजली गेली. लोकांचा संताप इतका वाढला की कंपनीने एक सवलत जाहीर केली: आमच्या अमुक पानावर येऊन क्लिक करा, तुम्हाला ३० दिवस जाहिरात दिसणार नाही. महिनाभराने पुन्हा या. २००३च्या अखेरीस कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आपल्याकडे ही लाट पोचली तेव्हा इंटरनेट मिनिटावर मोजलं जात होतं. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, पण मराठी मध्यमवर्गाची त्याच्याशी खरी ओळख झाली ती सायबर कॅफेत. प्लायवूडचे कप्पे, तासाचा दर, काउंटरवरच्या मुलाकडे वही. घरी कनेक्शन असेल तर १७२ने सुरू होणारा नंबर फिरवायचा, मोडेमची किंचाळी ऐकायची, आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद. बारावीचा निकाल किंवा अमेरिकेतल्या भाच्याची मेल उघडायला बसलेल्या माणसाच्या पडद्यावर चार खिडक्या उघडल्या की त्या चारही चित्रांचं ओझं त्याच बारीक वायरीतून यायचं आणि त्याचं भाडं तो भरायचा. वर्तमानपत्रातली जाहिरात अंकाची किंमत कमी करते. ही बघणाऱ्याच्या खिशातून येत होती. मशीन हँग झालं की काउंटरवरून ओरडून सांगितलं जायचं, ‘काका, सगळं बंद करू नका, फक्त वरची फुली मारा.’ पण वरची फुली बऱ्याचदा चित्रातली असायची. खरी फुली म्हणून तिच्यावर बोट ठेवलं की जाहिरात उघडायची.

या खोट्या फुल्यांचं एक वेगळं शास्त्रच तयार झालं होतं. माकडाला ठोसा मारा आणि बक्षीस जिंका. तुम्ही आमचे दहा लाखावे पाहुणे. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, ‘ओके’ दाबा. विंडोजच्या करड्या चौकटीची हुबेहूब नक्कल करून घाबरवणाऱ्या जाहिरातींवरून बाँझी सॉफ्टवेअर या कंपनीला कोर्टात खेचलं गेलं, आणि २००३मध्ये तिने अशा चौकटीवर ‘जाहिरात’ असा शब्द छापायचं कबूल केलं. गेटर नावाची कंपनी आणखी पुढे गेली. पासवर्ड लक्षात ठेवणारं फुकट सॉफ्टवेअर ती द्यायची, आणि एकदा ते मशीनमध्ये शिरलं की तुम्ही दुसऱ्या कोणाच्याही साइटवर असताना तिच्या खिडक्या त्या साइटवर उघडायच्या. वाचकाला वाटायचं, वर्तमानपत्रानेच ही जाहिरात लावली. जून २००२मध्ये वॉशिंग्टन पोस्ट, न्यूयॉर्क टाइम्स आणि इतर प्रकाशकांनी तिच्यावर खटला भरला. प्रकाशकांचा त्रागा समजण्यासारखा होता, पण त्यांच्यापैकी काहींच्या स्वतःच्या साइटींवरही पॉप-अप होतेच. तक्रार खिडकीबद्दल कमी आणि तिचे पैसे कोणाकडे जातात याबद्दल जास्त होती. २००३च्या फेब्रुवारीत समझोता झाला, आणि त्याच वर्षी गेटरने नाव बदललं.

पण माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा कळस सॅन दिएगोत गाठला गेला. विंडोजमध्ये तेव्हा मेसेंजर सर्व्हिस नावाची एक सोय होती. ऑफिसातल्या नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला ‘सर्व्हर पाच मिनिटांत बंद होतोय’ असं सगळ्यांना कळवता यावं म्हणून केलेली. ब्राउझर उघडा नसला तरी चालायची. इंटरनेटला जोडलेलं मशीन असलं की पुरे. डी स्क्वेअर्ड सोल्यूशन्स या कंपनीने त्या वाटेने लोकांच्या पडद्यावर चौकटी सोडल्या, काहींना दर दहा मिनिटांनी एक. माणूस पत्र टाइप करतोय, हिशेब करतोय, आणि मध्येच चौकट. जाहिरात कशाची? अशा चौकटी थांबवणाऱ्या सॉफ्टवेअरची. पंचवीस-तीस डॉलर भरा आणि आमच्यापासून सुटका मिळवा. वास्तविक ती सोय विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन फुकट बंद करता येत होती. फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर २००३मध्ये कोर्टात धाव घेतली.

तोपर्यंत कायद्यापेक्षा लोकांची बोटं पुढे गेली होती. ऑपेरा हा नॉर्वेचा छोटा ब्राउझर सहस्रक बदलाच्या सुमारासच नकोशा खिडक्या अडवायला लागला होता. गंमत अशी की त्या वेळी ऑपेरा फुकट वापरणाऱ्यांना स्वतःच्या डोक्यावर जाहिरातीची पट्टी दाखवायचा. जून २००२मध्ये मोझिला १.० आला. स्वयंसेवक आणि नेटस्केपच्या पगारी प्रोग्रामरांनी मिळून केलेला. पान परस्पर खिडकी उघडत असेल तर उघडू देऊ नये, अशी एक छोटी चौकोनी खूण त्याच्या सेटिंगमध्ये होती. नियम साधा होता: वापरणाऱ्याने काही दाबल्यावर खिडकी उघडली तर चालेल, पान उघडताना किंवा मिटताना आपोआप उघडली तर नाही. १९९५मध्ये न विचारलेला प्रश्न सात वर्षांनी विचारला गेला.

ऑगस्टमध्ये याच मोझिलावर बेतलेला नेटस्केप ७.० बाहेर पडला. त्याच्या सेटिंगमधून ती खूण गायब होती! नेटस्केप तोवर एओएल या बड्या इंटरनेट कंपनीच्या मालकीचं झालं होतं, आणि नेटस्केपच्या स्वतःच्या मुख्य साइटवर पॉप-अप चालत होते. प्रोग्रामरांनी दिलेली कडी मालकांनी काढून घेतली होती. पण मोझिलाचा कोड जगाला खुला होता, काय काढलं ते कोणालाही दिसत होतं, आणि ओरड झाली. डिसेंबरात आलेल्या ७.०१मध्ये कडी मुकाट्याने परत बसवली गेली.

तेच वर्ष निर्णायक ठरलं. जुलैमध्ये आयव्हिलेज या बायकांच्या साइटने पॉप-अप बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्या वाचकांना तिने विचारलं होतं आणि ९० टक्क्यांहून अधिक बायकांनी वेबवरची सर्वांत वैतागवाणी गोष्ट म्हणून पॉप-अपकडे बोट दाखवलं होतं. अर्थलिंक या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने ऑगस्टमध्ये ग्राहकांना अडवणी फुकट दिली. ऑक्टोबरात एओएलनेही इतरांचे पॉप-अप विकणं थांबवलं. सदस्य महिन्याचे पैसे देत होते आणि सोडून जात होते. हिशेब कोणालाही कळेल असा होता.

गूगलला हे सगळं फार मानवलं. ऑक्टोबर २०००मध्ये सुरू झालेली त्यांची जाहिरात म्हणजे शोधाच्या शेजारी चार ओळींचा मजकूर. चित्र नाही, उड्या नाहीत, खिडकी तर नाहीच. आम्ही पॉप-अप दाखवत नाही हे ते अभिमानाने सांगत, आणि २००३मध्ये त्यांनी आपल्या टूलबारमध्ये पॉप-अप अडवणारं बटण घातलं. त्या बटणावर किती अडवले याचा आकडा दिसायचा. लोक तो आकडा वाढताना बघत बसायचे, एकमेकांना सांगायचे. दुसऱ्यांच्या जाहिराती अडवून आपल्या जाहिरातींसाठी जागा मोकळी होते, हा धडा तिथे गिरवला गेला.

शेवटचा घाव मायक्रोसॉफ्टने घातला, आणि तोही उशिरा. दहातले नऊ लोक तेव्हा इंटरनेट एक्स्प्लोरर वापरत होते. ऑगस्ट २००४मध्ये विंडोज एक्सपीसाठी आलेल्या सर्व्हिस पॅक २मध्ये अडवणी बसवलेली आली. पत्त्याच्या पट्टीखाली एक पिवळी रेघ यायची, पॉप-अप अडवला आहे म्हणून. नोव्हेंबरात मोझिलाचा नवा ब्राउझर फायरफॉक्स १.० निघाला. त्याच्या चाहत्यांनी वर्गणी काढून १६ डिसेंबरच्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानं भरून जाहिरात दिली, वर्गणीदारांची सुमारे दहा हजार नावं त्यात बारीक टाइपात छापली. आपल्याकडे मात्र कॅफेवाल्यांच्या मशीनवर विंडोज ९८ ठाण मांडून होतं. मायक्रोसॉफ्टची ती अडवणी फक्त एक्सपीसाठी होती, त्यामुळे फुली शोधायचा खेळ इथे आणखी काही वर्षं चालला.

पॉप-अप मेला तो असा. जाहिरात मेली नाही. वेगळी खिडकी उघडता येत नाही म्हटल्यावर ती पानाच्याच आत पडदा होऊन उतरली, मजकुरावर सरकत आली, आपोआप व्हिडिओ होऊन बोलू लागली. ब्राउझरच्या लेखी हा पानाचाच भाग, मग अडवणार कसं? डेन्मार्कमधला विद्यार्थी हेन्रिक आस्टेड सोरेनसनने २००२मध्येच यावर उत्तर काढून ठेवलं होतं. फायरफॉक्सच्या पहिल्या अवतारासाठी त्याने अ‍ॅडब्लॉक नावाचा छोटा जोड लिहिला. तोच धागा घेऊन व्लादिमिर पालांतने २००६मध्ये अ‍ॅडब्लॉक प्लस केला, आणि तो कोट्यवधी मशीनवर गेला. इतकी गर्दी मागे असली की दारावरच्या माणसाला आपली किंमत कळते. २०११मध्ये पालांतच्या जर्मनीतल्या आयो कंपनीने ‘मान्य जाहिराती’ची यादी सुरू केली: सौम्य जाहिरात असेल तर जाऊ देऊ, आणि कंपनी मोठी असेल तर त्यातून वाढणाऱ्या उत्पन्नातला ३० टक्के वाटा आम्हाला. पैसे देऊन आत जाणाऱ्यांत गूगलही होतं. जर्मन प्रकाशकांनी याला खंडणी म्हटलं आणि त्यांतलं आक्सेल श्प्रिंगर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलं. एप्रिल २०१८मध्ये तिथे आयोच जिंकली.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती आणि तिच्यावर कोणी फारसं ओरडत नव्हतं. नेटस्केपच्या लू मॉन्टुलीने १९९४मध्ये कुकी शोधली, साइटला तिचा ग्राहक लक्षात राहावा म्हणून. १९९६मध्ये सुरू झालेल्या डबलक्लिक या जाहिरात कंपनीने तिचा उपयोग एकच माणूस वेगवेगळ्या साइटींवर कुठे कुठे फिरतो हे टिपायला केला. १९९९मध्ये तिने अबॅकस डायरेक्ट ही टपालाने माल विकणाऱ्यांकडून ग्राहकांची माहिती गोळा करणारी कंपनी घेतली. अबॅकसकडे लोकांची खरी नावं, पत्ते, खरेदी. दोन्ही जोडायचा बेत उघड होताच २०००च्या सुरुवातीला गदारोळ झाला, फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार गेली, आणि मार्चमध्ये डबलक्लिकने माघार घेतली. मग गूगलने २००८मध्ये ३.१ अब्ज डॉलर मोजून डबलक्लिकच घेतली. आठ वर्षांनी, जून २०१६मध्ये, गूगलने आपल्या धोरणातली भाषा बदलली. वापरणाऱ्याचं फिरणं आणि त्याच्या खात्यावरचं नाव जोडायला आता वाट मोकळी झाली. २०००मध्ये ज्याने वादळ उठलं ते २०१६मध्ये बहुतेकांनी एका ‘मान्य आहे’वर बोट ठेवून पार पाडलं. पडद्यावर काही हललं नाही, आवाज झाला नाही, म्हणून रागही आला नाही.

इथन झुकरमनला नेमकं हेच सांगायचं होतं. तोवर तो ग्लोबल व्हॉइसेस या जगभरच्या नागरिक-लेखकांच्या उपक्रमाचा एक संस्थापक आणि एमआयटीतला संशोधक म्हणून ओळखला जात होता. ऑगस्ट २०१४मध्ये ‘द अटलांटिक’मध्ये त्याने लांबलचक निबंध लिहिला. वेबने फुकटाचा धंदा जाहिरातीवर उभा केला, जाहिरात टिकवायला पाळत आली, हे आपल्या सगळ्यांचं मूळ पाप आहे, असा त्याचा युक्तिवाद. त्यात ओघात ट्रायपॉडची, मोटार कंपनीची आणि खिडकीची हकिकत आली, आणि हेतू चांगला होता, माफ करा, असं एक वाक्य. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तेवढंच उचललं: पॉप-अपच्या जनकाने माफी मागितली. लोक खूश झाले. इतकी वर्षं शिव्या द्यायला चेहरा नव्हता, तो मिळाला. पाळतीबद्दलचं म्हणणं निबंधातच राहिलं.

१५ फेब्रुवारी २०१८ला क्रोम या ब्राउझरने स्वतःच जाहिराती गाळायला सुरुवात केली. कुठल्या गाळायच्या हे ‘कोअलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स’ने ठरवलं होतं; या मंडळात गूगल होतं, फेसबुक होतं, मोठे जाहिरातदारही होते. त्यांनी सुमारे २५ हजार लोकांना जाहिराती दाखवून कुठली जास्त डोक्यात जाते ते विचारलं. कॉम्प्युटरवरच्या चार तऱ्हा आणि मोबाइलवरच्या आठ नापास झाल्या. पॉप-अप अर्थातच नापास. त्या बारांत पाळत ठेवणारी अशी तऱ्हा नव्हती, कारण ती दाखवून विचारता येत नाही. त्या वर्षी जाहिरातींतून गूगलचं उत्पन्न ११६ अब्ज डॉलरच्या वर गेलं, आणि जगातले निम्म्याहून जास्त लोक ज्या ब्राउझरमधून वेब बघत होते, तोही गूगलचाच होता.

त्या ब्राउझरमध्ये आणखी कडक गाळणी बसवायची असेल तर रेमंड हिल या कॅनडातल्या प्रोग्रामरने २०१४मध्ये लिहिलेला युब्लॉक ओरिजिन होता. पूर्णपणे फुकट, देणगीही न घेणारा, पैसे घेऊन कोणाच्याही जाहिराती आत न सोडणारा. सुरक्षिततेचं कारण देऊन गूगलने अशा जोडांसाठी नवे नियम आणले आणि २०२४पासून जुने जोड टप्प्याटप्प्याने बंद करत नेले. युब्लॉक ओरिजिन त्यांत गेला. हिलने नव्या नियमांत बसणारी हलकी आवृत्ती काढली, पण ती मूळ गाळणीइतकं करू शकत नाही. ज्यांना हे पटलं नाही त्यांतले काही फायरफॉक्सकडे वळले, काही ब्रेव्हकडे. ब्रेव्ह हा २०१६मध्ये आलेला ब्राउझर जाहिराती आणि पाळत दोन्ही मुळातच अडवतो. तो काढणाऱ्यांत ब्रेंडन आइक आहे. २०१९पासून ब्रेव्ह स्वतःच्या जाहिराती दाखवतो. बघायच्या की नाही ते वापरणाऱ्याने ठरवायचं, आणि बघितल्या तर उत्पन्नातला ७० टक्के वाटा त्याचा.